पान ५ पासून झेरॉक्स

आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याचं माझ्याबद्दल काहीतरी मत झालेलं आहे. पेनड्राइव्ह लावला की तो पीडीएफ उघडतो, मुखपृष्ठावरचा सांगाडा बघतो, कोपऱ्यातलं ‘१८+’ बघतो आणि माझ्याकडे न बघता विचारतो, ‘‘किती कॉप्या?’’ एकदा मात्र त्याला राहवलं नाही. ‘‘हे काय होय, मॅडम? मंतर-तंतर?’’

‘‘खेळ आहे, भाऊ.’’

‘‘खेळाचं पुस्तक? दोनशे पानांचं?’’ विश्वास काही बसला नाही. पण स्पायरल बायंडिंग झकास करून दिलं.

मी त्याला नेहमी एकच सांगते: पान ५ पासून काढा. मुखपृष्ठ ब्लॅक अँड व्हाइटमध्ये नुसतं काळं येतं, त्यामागे लेखक-चित्रकारांची नावं, मग अनुक्रमणिका. त्याचे पैसे कशाला घालायचे? आणि हल्लीच्या पुस्तकांत याच पहिल्या तीन-चार पानांवर कुठेतरी एक चौकट असते. या साहसात लहान मुलाचा मृत्यू आहे, अंगात किडे शिरण्याचं वर्णन आहे, कोंडून ठेवण्याचे प्रसंग आहेत. खेळण्याआधी आपल्या गटाशी बोला. म्हणजे पुस्तकातलं सगळ्यात माणुसकीचं वाक्य नेमकं त्या पानावर असतं, जे पान आमच्या टेबलावर कधी येतच नाही. मी ते स्क्रीनवर वाचलेलं असतं. बाकीच्यांना ते आहे हेसुद्धा माहीत नसतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून, तोंडाने बोलत, फासे टाकत रचलेली गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण गेम मास्टर. तो जग सांगतो, दार कुठे आहे ते सांगतो, दारामागे काय आहे ते मात्र दार उघडल्यावरच सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्याकडे नागपुरात, खामल्यात, माझ्या हॉलमध्ये, बहुतेक रविवारी दुपारी हा उद्योग चालतो. मिहानमधले दोन आयटीवाले, एक दातांची डॉक्टर, एक वकिलीचा विद्यार्थी, एक वीज खात्यातला. मे महिन्यात कुलरच्या आवाजावर ओरडून ड्रॅगनशी बोलावं लागतं.

तर मुद्दा त्या चौकटीचा. सिनेमाला ‘अ’ प्रमाणपत्र असतं, ते तिकीट काढणारा बघतो आणि आतही तोच जातो. २०२१ च्या नियमांनंतर ओटीटीवर मालिका सुरू होताना वयोगट आणि ‘हिंसा, शिवराळ भाषा’ असं काहीबाही दिसतं, तेही बघणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर. या खेळात गंमत उलटी आहे. पुस्तक वाचतो फक्त गेम मास्टर. खेळाडूंनी ते वाचायचंच नसतं, वाचलं तर खेळ संपला. म्हणजे इशारा वाचणारा एक आणि झळ लागणारा दुसरा. छापलेली पाटी कितीही ठळक असो, ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत कुणीतरी तोंडाने पोचवल्याशिवाय पोचत नाही. प्रकाशकांच्या सगळ्या पाट्या मी याच एका कसोटीवर घासते: ही पाटी मला माझ्या टेबलावर काही बोलायला मदत करते, की नुसती कंपनीच्या अंगावरचं झटकते?

घासल्यावर बऱ्याच पाट्या उतरतात.

या खेळावर भीतीची सावली फार लवकर पडली. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी ते या खेळाला चिकटवलं. पोरगा महिनाभरात सापडला, त्याची दुखणी वेगळीच होती, पण बातमी व्हायची ती होऊन गेली. पुढे पॅट्रिशिया पुलिंग या बाईंच्या मुलाने आत्महत्या केली. त्यांनी खेळाला जबाबदार धरलं आणि १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटनाच काढली. सैतानपूजा, जादूटोणा, पोरं बिघडतात, असं सगळं. त्या आईच्या दुःखाबद्दल मला एक शब्द वावगा बोलायचा नाही. पण कंपनीने काय केलं बघा. १९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती आली, तिच्यातून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच गायब. दोनेक वर्षांत तीच मंडळी ‘तनारी’ आणि ‘बाटेझू’ अशी नवी आधारकार्डं घेऊन परत आली. शिंगं तीच, पंख तेच. खेळणाऱ्याला यातून काय मिळालं? काहीही नाही. दुकानाच्या काचेपुढे उभ्या असलेल्या पालकांसाठी ती रंगसफेदी होती.

मग वारं फिरलं. २००२ मध्ये त्याच खेळाचं एक पुस्तक ‘प्रौढांसाठी’ अशी पाटी लावून आलं, आणि आता ती पाटीच आमंत्रण होती. सीताबर्डीवर पूर्वी सिनेमाच्या पोस्टरवर ‘केवल वयस्कों के लिए’ लिहिलेलं असलं की कॉलेजची पोरं आधी तीच ओळ वाचायची, त्यातला हा प्रकार. वयाची पाटी मला कधीच कामाची वाटलेली नाही. माझ्या टेबलावर सगळे पंचविशीच्या पुढचे. ‘१८+’ वाचून मला एवढंच कळतं, की आत काहीतरी आहे. काय आहे, ते पाटी सांगत नाही.

तिसरा प्रकार २०२० चा. जुनी पुस्तकं पीडीएफ म्हणून विकायला ठेवलेल्या पानांवर कंपनीने एक निवेदन टाकलं: यातल्या काही मजकुरात त्या काळच्या समाजातले वंशाचे, लिंगाचे पूर्वग्रह आहेत, ते तेव्हाही चूक होते, आजही चूक आहेत. वाक्य चांगलं आहे. मनापासून लिहिलंही असेल. पण ते एकच निवेदन जुन्या मालावर सरसकट चिकटवलंय. कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, कुणाबद्दल काय? रविवारी दुपारी हे साहस चालवायचं असेल तर मी नेमकं काय वगळू? त्याचं उत्तर नाही. माल विकायचा आहे, हातही धुवायचे आहेत.

कामाच्या गोष्टी आल्या त्या बहुतेक टेबलांवरून, खेळणाऱ्यांकडून. रॉन एडवर्ड्स या डिझायनरने २००३ च्या सुमारास ‘रेषा आणि पडदे’ ही कल्पना मांडली. रेषा म्हणजे ही गोष्ट आपल्या खेळात अजिबात नाही. पडदा म्हणजे गोष्टीत आहे, पण वर्णन नको, पुढे चला. २०१३ च्या सुमारास जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी एक्स-कार्ड आणलं. टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेलं एक कार्ड. कुणाला काही झेपेनासं झालं की त्याने कार्डाला हात लावायचा, बाकीच्यांनी तो प्रसंग सोडून द्यायचा. कारण विचारायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्याकडे सगळ्यात अवघड. कारण न विचारणं हे नागपुरी माणसाच्या रक्तात नाही. ‘‘काहून? काय झालं? सांग ना बे!’’ हे तोंडातून निघतंच. आमच्याकडे कार्ड चहाच्या कपाखाली सापडेनासं व्हायचं, म्हणून कॅरमचा जुना स्ट्रायकर ठेवलाय. तो टेबलावर टक्कन वाजवला की मी वाक्य अर्धं सोडते. दातांच्या डॉक्टरने एकदा तो वाजवला, तो दात उपटण्याच्या वर्णनाला. ‘‘रविवारी नको,’’ एवढंच म्हणाली.

२०१९ मध्ये मॉन्टी कुक गेम्सने संमतीवर एक छोटी पुस्तिका फुकट वाटली. तिच्या शेवटी एक तक्ता आहे. विषयांची यादी, आणि प्रत्येकापुढे हिरवं, पिवळं, लाल. नवीन मोहीम सुरू करताना, ज्याला आम्ही सेशन झिरो म्हणतो त्या दिवशी, मी तो तक्ता सगळ्यांना दिला. रक्त, किडे, उंदीर, कोळी, डोळ्यांची बुबुळं. थंडीने गोठून मरणं. हे वाचून सगळे हसले. त्याच यादीत उष्माघातही होता. त्यावर वीज खात्यातला म्हणाला, ‘‘यावर लाल खूण केली तर मले नोकरी सोडा लागंल, ताई.’’

हसण्यावारी नेलं तरी माझ्या डोक्यात ते राहिलं. यादी वाईट नाही, पण तिला एक गाव आहे. ती ज्यांनी केली त्यांच्या घरांतले माळे, त्यांची तळघरं, त्यांचे हिवाळे तिच्यात आहेत. वंशभेद आहे, जात नाही. कशी असणार? म्हणून खाली कोऱ्या ओळी सोडल्या आहेत, आणि खरा तक्ता त्या ओळींपासून सुरू होतो.

वकिलीच्या विद्यार्थ्याने तिथे लिहिलं: ‘गावात शिरताना कोणी आडनाव विचारायचं नाही.’

मी कागद हातात घेऊन बसले. मी गावं कशी रंगवते ते आठवून बघितलं. वेशीपाशी म्हातारा. खाटेवर बसलेला, चिलीम, कपाळावर हात धरून येणाऱ्यांकडे बघणारा. आणि त्याचं पहिलं वाक्य काय? ‘‘कोठले तुम्ही? कोणाचे?’’ आपल्याकडे गाव उभं करायचं तर हे वाक्य आपोआप येतं. त्यात चव आहे, माती आहे, सगळं आहे. आणि टेबलावर बसलेल्या एकाला त्या प्रश्नाचा पुढचा अर्धा भाग पाठ आहे. खोली शोधताना घरमालकाने विचारलेला, लग्नाच्या पंगतीत विचारलेला. जगातल्या कुठल्याही प्रकाशकाच्या चौकटीत ही ओळ येणार नाही. दीक्षाभूमीपासून पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या माझ्या टेबलावर ती आली नसती तर नवल. तेव्हापासून माझ्या गावचे म्हातारे ‘‘किती दिवसांचा मुक्काम?’’ असं विचारतात. गावाचं गावपण त्याने तसूभरही कमी झालेलं नाही.

दुसऱ्या एकाने, तो यवतमाळकडचा, कोऱ्या ओळीवर एकच शब्द लिहिला: विहीर.

बस्स. लाल खूण. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच, पण या वेळी त्यासाठी कुणाला जीभ चावावी लागली नाही. आपल्या मुलखात त्या शब्दाला एक कारण असू शकतं, दोन असू शकतात, पाच असू शकतात, आणि टेबलावरच्या प्रत्येकाला त्यातलं एखादं माहीत होतं. मी आणलेलं साहस नेमकं गावच्या विहिरीपासून सुरू होत होतं. पाणी काळं पडलंय, रात्री आतून आवाज येतात, वगैरे. पुस्तकाच्या चौकटीत हिंसा होती, प्रेतं होती, अंधार होता. विहिरीला इशारा कोण लिहील? मी तिथे धान्याचं पेव केलं. जमिनीखालचं, तोंड लिंपून बंद केलेलं, उघडलं की आतल्या कोंदट हवेने माणूस भोवंडतो. खरं सांगायचं तर विहिरीपेक्षा बरं झालं. दोरावरून उतरण्याचा प्रसंग होता तो तसाच राहिला, वर कंदील विझण्याची भर पडली.

हे सगळं मी एकदा बाबांना सांगितलं. बाबा महालातले, जुन्या वाड्यातले. त्यांचं म्हणणं सरळ: ‘‘एवढे नाजूक कधी झाले तुम्ही लोक? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत दारावरून जायची. एवढं मोठं तोंड, लोंबती जीभ. तुले खांद्यावर घेऊन दाखवली. तेव्हा कोणी पाटी लावली होती?’’

बाबांशी वाद घालायचा तर तयारीने घालावा लागतो. मी म्हटलं, पाटी नव्हती कशी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या त्या अक्राळविक्राळ पुतळ्यांची मिरवणूक निघणार हे अख्ख्या नागपूरला पाठ असतं. काळी कुठून, पिवळी कुठून, कोणत्या रस्त्याने, हे शेंबडं पोरही सांगतं. ज्याला जवळ जायचं तो गर्दीत घुसतो, ज्याला नाही तो गॅलरीतून बघतो. आणि मी रडले तेव्हा तुम्ही मला खांद्यावरून उतरवून मागे नेलंत, हे आईने सांगितलंय. बाबा म्हणाले, ‘‘ते वेगळं.’’ मला वाटतं, ते तेच आहे.

पण त्यांच्या बोलण्यातला एक काटा खरा आहे. भीती हा या खेळाचा रस आहे, तो काढून टाकला तर उरतं काय? इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. मारबत बघणारा बघतो. सिनेमा बघणारा बघतो. आमच्या टेबलावर माणूस म्हणतो, ‘‘मी दार उघडतो.’’ मी. पुढे जे होतं ते त्याच्या ‘मी’ला होतं, चार लोकांच्या देखत, आणि उठून गेलं तर सगळ्यांचा खेळ मोडतो म्हणून तो उठतही नाही. पुस्तक मिटता येतं, टीव्ही बंद करता येतो. पाच जणांनी महिन्याभराने जुळवलेला रविवार असा मिटता येत नाही. त्यामुळे आधी बोलणं भाग आहे. आणि आधी बोलल्याने घाबरवायला उलट बळ येतं. कुठे जायचं नाही हे एकदा कळलं, की बाकीच्या अंधारात मी हात आखडता घेत नाही.

असे इशारे खरंच काम करतात का, हे मानसशास्त्रज्ञांनी तपासलं आहे. व्हिक्टोरिया ब्रिजलँड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आधीच्या प्रयोगांचं एकत्र विश्लेषण केलं. निष्कर्ष असा, की इशारा दिल्याने नंतरचा त्रास कमी होत नाही, लोक तो मजकूर टाळतही नाहीत, उलट समोर येण्याआधीची धाकधूक तेवढी वाढते. मला हे पटतं. अनोळखी माणसाला पाटी दाखवायची आणि लगेच मजकूर दाखवायचा, यात पाटीने काय साधणार? पाटी वाचून त्याला करता येण्यासारखं काहीच नसतं. विहीर लिहिणाऱ्याला करता आलं. त्याने लिहिलं आणि विहीर गेली. ज्या इशाऱ्यानंतर काही बदलू शकत नाही, तो नुसती धाकधूक वाढवणार, यात मला आश्चर्य वाटत नाही.

काही गोष्टींना मात्र कसलीही पाटी पुरत नाही. २०१८ मध्ये ‘व्हँपायर’ या खेळाच्या नव्या आवृत्तीसाठीच्या एका पुस्तकात चेचन्यामध्ये समलैंगिक पुरुषांचा जो छळ खरोखर चालला होता, तो व्हँपायरांनी उभा केलेला देखावा म्हणून वापरला होता. गदारोळ झाला, मालक कंपनी पॅराडॉक्सने माफी मागितली, तो भाग काढला आणि खेळ काढणाऱ्या व्हाइट वुल्फचं स्वतंत्र अस्तित्वच संपवलं. हे वाचताना मी आपल्याकडचा विचार केला. उद्या कुणी विदर्भावर भयकथेचा खेळ काढला आणि त्यात कापसाच्या शेतातली मरणं कुठल्या वेताळाच्या खात्यावर टाकली, तर पहिल्या पानावर कितीही मोठी चौकट असू दे, मी तो चालवणार नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर खेळ होऊच नये असं माझं म्हणणं नाही. कुणी जाणत्याने केला तर मी बसेन. पण कर्जाच्या जागी वेताळ आला की ज्यांचं नाव घ्यायला हवं ते सगळे सुटले. ही नाजूकपणाची बाब नाही, खोटेपणाची आहे.

गेल्या हिवाळ्यात मी स्वतः एक छोटं साहस लिहिलं. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, एक नाटक कंपनी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी रात्रीच्या प्रयोगाला निघालीय, टेम्पोत पडदे, पेटी, नट, आणि जंगलातल्या रस्त्यावर काहीतरी टेम्पोच्या मागे लागतं. आमच्या टेबलावर झकास झालं. मग ब्रह्मपुरीच्या एका मुलाने ते मागितलं. तो तिकडे कॉलेजातल्या मित्रांना घेऊन खेळतो. आता मी प्रकाशकाच्या जागी. त्याच्या टेबलावर कोण बसतं मला माहीत नाही, कोऱ्या ओळींवर काय येईल माहीत नाही. म्हणून चौकट काढली, रिकामी ठेवली, आणि त्याला म्हटलं, आधी तू वाच, मग काय लिहायचं ते सांग.

दोन दिवसांनी फोन. ‘‘ताई, सगळं मस्त आहे जी. दारू राहू द्या, भांडण राहू द्या, तो नट मरते ते पण राहू द्या. फक्त वाघ.’’

रस्त्यावर जे मागे लागतं, तो वाघ होता. नागपूरच्या टेबलाला वाघ म्हणजे सफारी, जिप्सी, मोबाइलवरचे फोटो. ब्रह्मपुरीत वाघ म्हणजे मोहफुलं वेचायला गेलेलं कुणीतरी घरी न येणं. त्याच्या चार खेळाडूंपैकी एकाच्या घरचं तसं होतं, एवढंच तो म्हणाला.

‘‘मग रानडुक्कर करू?’’

‘‘डुकराले कोण घाबरते, ताई? त्याच्यावर तर चिडतेत लोक. धान खाते.’’

‘‘अस्वल?’’

‘‘अस्वल तं वाघाहून खराब.’’

बिबट्याचं नाव मी काढलंच नाही. बराच वेळ आम्ही त्या काळोख्या रस्त्यावर जनावरं सोडत आणि परत घेत बसलो. मग त्यानेच सुचवलं, की मागे काहीच नको. टेम्पोचा अ‍ॅक्सल तुटू द्या. पुढे गाव चार कोस, प्रयोगाची वेळ झालेली, आणि जंगलातून पेटीचे सूर ऐकू येतात. पण पेटी तर टेम्पोत आहे. मी म्हटलं, हे माझ्यापेक्षा भारी आहे, तुझं नाव घालते. नको म्हणाला. चौकटीत काय लिहायचं ते मात्र त्याने फोनवर सांगितलं आणि मी जसंच्या तसं उतरवलं: ‘मूळ खेळात इथे वाघ होता. तुमच्या टेबलावर चालत असेल तर परत आणा. आधी विचारा. विचारताना सगळ्यांना एकदमच विचारा, कोण्या एकाकडे बघून नको.’

ती चौकट मी पान १ वरून काढून पान ५ वर टाकली आहे.